एका गावाची तीन न्यायमंदिरे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण अनुभवाची आहे आणि ती खोटी ठरवण्याचा इथे हेतू नाही. परंतु ज्याने ती प्रथम उच्चारली त्याने एक गोष्ट मनाशी धरून ठेवलेली दिसते. ती ही की, कोर्टाची पायरी कुठेतरी जवळपास आहे आणि ती चढावी की न चढावी एवढेच काय ते ठरवायचे आहे. ज्याला त्या पायरीपर्यंत पोचण्यासाठीच एक दिवस आणि एक रात्र आगगाडीत काढावी लागते, त्याने काय करावे? त्याच्या शहाणपणाची परीक्षा पायरीवर होत नाही. ती घराच्या उंबरठ्यावरच होऊन जाते. पिशवीत भाकरी बांधताना तो मनाशी हिशेब करतो, की गेलेली जमीन मोठी, की ती परत मिळवण्याचा खर्च मोठा?

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील गंगापूर या तालुक्याच्या गावाने हा हिशेब पिढ्यान् पिढ्या केला आहे. गोदावरीच्या खोऱ्यातले हे गाव. या मुलखात गोदावरीला गंगा म्हणण्याचा प्रघात आहे. तालुक्याच्या दक्षिणेला कायगाव आणि पलीकडच्या तीरावर टोके, तिथे प्रवरा गोदावरीला मिळते. ज्वारी, बाजरी आणि कापूस ही इथली पिके. बांध, विहीर आणि भाऊहिस्सा ही इथल्या भांडणांची नेहमीची कारणे. गाव आपल्या जागेवरून तसूभरही हलले नाही. पण त्याचे सर्वोच्च न्यायमंदिर मात्र एका माणसाच्या हयातीत दोन वेळा हलले. आधी ते हैदराबादला होते, मग मुंबईला गेले आणि शेवटी औरंगाबादला आले. या तिन्ही वास्तू पाहण्यासारख्या आहेत आणि तिन्हींची कथा ऐकण्यासारखी आहे.

या वास्तू उभ्या राहण्यापूर्वी न्यायाला वास्तूच नव्हती. मराठी मुलखात वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे गोत बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बारा बलुते देवळासमोर किंवा चावडीवर एकत्र येत, साक्षी-पुरावा ऐकत आणि निवाडा कागदावर उतरवत. त्या कागदाला महजर म्हणत. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे अशी हत्यारांची चित्रे त्या जुन्या कागदांवर आजही दिसतात. धर्मशास्त्राचा पेच पडला तर प्रकरण गोदाकाठच्याच पैठणच्या ब्राह्मणसभेकडे जाई. पुरावा अपुरा पडला तर मामला दिव्यावर येई. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य हे त्यांतलेच. त्या व्यवस्थेत सगळेच गोड होते असे मुळीच नाही. गोताच्या बैठकीत शेवटच्या ओळीतल्या माणसाचा आवाज कितीसा ऐकू येत असेल, आणि उकळत्या तेलाला खरे-खोटे कितीसे कळत असेल, हे वाचकांनीच ताडावे. एक गोष्ट मात्र तिच्यात होती: न्याय मागणाऱ्याला शीव ओलांडून फार दूर जावे लागत नसे.

पुढे निजामाच्या राज्यात, पहिल्या सालारजंगाच्या दिवाणगिरीत, १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी झाली आणि कचेऱ्यांची उतरंड लागली. तालुक्याला तहसीलदार, जिल्ह्याला वरचे अधिकारी आणि सर्वांच्या वर हैदराबादची अदालत-उल-आलिया, म्हणजे तिथले हायकोर्ट. वसूल करणारा आणि न्याय देणारा हे दोन अधिकारी पुष्कळ काळ एकच असत. १९२१ साली शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने हैदराबाद संस्थानात न्यायखाते मुलकी खात्यापासून अलग करण्यात आले. ब्रिटिश हिंदुस्थानात ही मागणी सभा-परिषदांतून वर्षानुवर्षे केली जात असताना एका संस्थानाने ती अमलात आणावी, हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

या अदालतीला तोलामोलाची वास्तू मिळाली ती एका संकटातून. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला महापूर आला आणि हैदराबाद शहराचा मोठा भाग वाहून गेला. पुरानंतर नदीकाठाची नव्याने आखणी झाली आणि त्या काठावर ज्या भव्य इमारती उठल्या त्यांत हायकोर्ट प्रमुख होते. व्हिन्सेंट एश या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाचे त्यात मुख्य अंग होते. १९१५ साली काम सुरू झाले आणि १९२० च्या एप्रिलमध्ये निजामांच्या हस्ते उद्घाटन झाले. तांबडा वालुकाश्म आणि गुलाबी ग्रॅनाइट यांची ही इमारत घुमट, कमानी आणि नक्षी यांनी अशी सजली आहे की, परक्या पाहुण्याला ती एखाद्या बादशहाचा महाल वाटावी. इंग्रजी शिस्तीचा आराखडा आणि मुसलमानी वळणाचा पेहराव, असा तो थाट आहे.

गंगापूरच्या पक्षकाराला हा महाल दिसे तो असा. तालुक्यातल्याच लासूर स्टेशनावर तो हैदराबाद-गोदावरी खोऱ्याच्या छोट्या रुळांच्या गाडीत बसे. ही लोहमार्गाची सोय १९०० च्या सुमारास झाली. परभणी, नांदेड, निजामाबाद अशी स्टेशने मोजत पाचशेहून अधिक किलोमीटर गेल्यावर काचीगुडा येई. गंमत अशी की, १९१६ च्या सुमाराचे हे काचीगुडा स्टेशनही त्याच एशसाहेबाच्या हातचे! पक्षकार एशच्या स्टेशनात उतरे आणि एशच्या अदालतीत हजर होई. मात्र कमानींखालून आत गेल्यावर जी भाषा कानी पडे ती त्याची नसे. कामकाज उर्दूत चाले. अर्ज, दावा, वकील, फिर्याद, हुकूम, तारीख हे शब्द त्याला ओळखीचे होते, कारण फारसी-अरबीतून ते केव्हाच मराठीच्या घरात नांदायला आले होते. पण त्या शब्दांच्या मधले जे काही होते, ते दुसऱ्याने समजावून द्यावे लागे. या दरबारात मराठी माणूस न्यायासनापर्यंत पोचलाच नाही असे मात्र नव्हे. आजच्या हिंगोली-परभणीच्या भागातून गेलेले आणि हैदराबादच्या विवेकवर्धिनी शाळेच्या उभारणीत अग्रभागी असलेले केशवराव कोरटकर हे तिथल्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा झाला. मराठी मुलूख एकत्र आल्याचा आनंद गावोगाव साजरा झाला, आणि तो साजरा होण्याजोगाच होता. मात्र त्या आनंदात गंगापूरकरांच्या खटल्यांची तोंडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वळली. आता हायकोर्ट म्हणजे मुंबईचे हायकोर्ट.

ही दुसरी वास्तू दिवाळी अंकाच्या बहुतेक वाचकांनी बाहेरून तरी पाहिलेली असेल. मुंबईचे हायकोर्ट ऑगस्ट १८६२ मध्ये सुरू झाले ते अपोलो स्ट्रीटवरच्या एका जुन्या घरात. किल्ल्याचा तट पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर, ओव्हलच्या मैदानासमोर, नवी इमारत बांधण्यास १८७१ साली आरंभ झाला आणि ती नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरी झाली. जानेवारी १८७९ मध्ये तिथे पहिली बैठक भरली. आराखडा लष्करी इंजिनियर कर्नल जेम्स ऑगस्टस फुलर यांचा. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट आणि मधला मनोरा सुमारे पावणेदोनशे फूट उंच. मंजूर रक्कम होती १६,४७,१९६ रुपये आणि खर्च झाला १६,४४,५२८. सरकारी बांधकामात २,६६८ रुपये उरले, ही आजच्या वाचकाला वास्तूपेक्षाही मोठी नवलाई वाटेल!

शैली गॉथिक. टोकदार कमानी, उतरती छपरे, काळ्या दगडाच्या भिंती आणि लांबच लांब व्हरांडे. ही युरोपातल्या थंड हवेतली रीत. पण व्हरांड्यांनी तिला मुंबईच्या उन्हा-पावसाशी जुळवून घेतले. मनोऱ्याच्या दोन्ही अंगांना अष्टकोनी बुरूज आहेत आणि त्यांतून न्यायमूर्तींसाठी वेगळे गोल जिने नेले आहेत. न्याय देणारा आणि न्याय मागणारा यांची वाटेत गाठ पडू नये ही खबरदारी दगडात बांधून ठेवली आहे. पश्चिमेकडे माथ्यावर दोन मूर्ती उभ्या आहेत, एक न्यायाची आणि दुसरी दयेची. खाली खांबांवर कोरीव चित्रे आहेत. त्यांत एका डोळ्यावर पट्टी बांधून तराजू धरलेले माकड आहे आणि वकिलाचे बँड गळ्यात घातलेला कोल्हाही आहे. एका पारशी कंत्राटदाराने दावा हरल्याचा राग असा काढला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, माथ्यावरच्या मूर्तींइतकेच हे माकडही तिथे नांदू दिले गेले, यात त्या वास्तूचा मोठेपणा आहे. २०१८ साली युनेस्कोने मुंबईच्या ज्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा मान दिला, त्यात हायकोर्ट आहे.

मराठी मनाला ही इमारत आणखी एका कारणाने जवळची आहे. जुलै १९०८ मध्ये इथल्याच मधल्या दालनात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. नऊ ज्यूरींपैकी सात जणांनी त्यांना दोषी ठरवले आणि २२ जुलै रोजी न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. त्या वेळी लोकमान्य जे बोलले ते पुढे संगमरवरात कोरून त्याच दालनाबाहेर लावण्यात आले. त्या शिलालेखाचे अनावरण मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी केले ते १९५६ साली, म्हणजे मराठवाडा या हायकोर्टाच्या छत्राखाली आला त्याच वर्षी.

तरीही पक्षकाराच्या पायांना इतिहासाने विसावा मिळत नाही. औरंगाबादहून मुंबई रेल्वेने सुमारे पावणेचारशे किलोमीटर. छोट्या रुळांची गाडी मनमाडपर्यंत. तिथे बोचके उचलून मोठ्या रुळांच्या गाडीत शिरायचे आणि पहाटे बोरीबंदरला उतरायचे. मग एवढ्या शहरात वकिलाचे घर शोधायचे, उतरायला ओळखीचा माणूस शोधायचा, आणि कोर्टात गेल्यावर ऐकायचे की आज बोर्ड पुरले नाही, पुढची तारीख पडली आहे. हैदराबादच्या मानाने वाट काहीशी कमी झाली होती. पण राहण्या-खाण्याचा खर्च आणि बुडालेली रोजी यांचा हिशेब फारसा बदलला नव्हता. धनिकाला ही वाट चालवे. गरिबाच्या दृष्टीने मात्र जिल्हा न्यायाधीशाचा निकाल हाच शेवटचा निकाल ठरे, मग तो बरोबर असो की चूक. वरच्या कोर्टात दाद मागण्याचा हक्क कायद्याने दोघांना सारखाच दिला होता. आगगाडीच्या भाड्याने तो एकाकडून काढून घेतला.

न्यायमंदिरे कोणासाठी आणि किती लवकर उभी राहतात, हे पाहायचे तर क्षणभर समुद्रापार जाऊ. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात १८५१ साली सोने सापडले आणि जगभरचे लोक तिकडे धावले. बीचवर्थ या ठिकाणी सोने मिळाले ते १८५२ साली. खाणकऱ्यांचे तंबू, परवान्यांचे तंटे, एकमेकांच्या खड्ड्यांवरचे हक्क, चोऱ्या आणि मारामाऱ्या यांच्यामागोमाग सरकार आले, आणि १८५८ साली तिथे स्थानिक ग्रॅनाइटचे घडीव कोर्ट उभेही राहिले. नेड केली या गाजलेल्या दरोडेखोराची प्राथमिक चौकशी ऑगस्ट १८८० मध्ये याच कोर्टात झाली. पुढे सोने सरले, गर्दी ओसरली, १९८९ साली कोर्टही बंद झाले आणि आज प्रवासी ते संग्रहालय म्हणून पाहतात. सोने सापडल्यापासून सहा वर्षांत कोर्ट! आमच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो, ज्वारी पिकते. पण तिच्यासाठी हायकोर्टाने जागचे हलावे असे त्या पिकांत तेज नसावे. मराठवाड्याला ज्या गोष्टीसाठी १९५६ पासून वाट पाहावी लागली, तिला पंचवीस वर्षे लागली.

नागपूरला हा प्रश्न पडला नाही. तिथे १९३६ पासून स्वतःचे हायकोर्ट होते, आणि १९६० च्या कायद्यानेच विदर्भासाठी नागपूरला कायमचे खंडपीठ देण्यात आले. मराठवाड्याच्या वकिलांनी आणि लोकांनी आपली मागणी चालू ठेवली. १९७८ साली विधानसभेने औरंगाबाद आणि पुणे येथे खंडपीठे व्हावीत असा ठराव केला. लोकांचा खर्च आणि त्रास वाचावा हेच कारण त्यात दिले होते. दिल्लीहून मंजुरीला वेळ लागत होता. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी १९५६ च्या पुनर्रचना कायद्यातील एका पोटकलमाचा आधार घेतला. राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्तींना दुसऱ्या ठिकाणीही न्यायमूर्ती बसवता येतात, असे ते कलम सांगते. त्यानुसार २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला कामकाज सुरू झाले.

कथा इथेच संपली नाही, उलट रंगली. या आदेशालाच आव्हान देण्यात आले आणि डिसेंबर १९८१ मध्ये मुंबईच्याच हायकोर्टाने आपल्या मुख्य न्यायमूर्तींचा आदेश रद्द ठरवला! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे १९८२ साली हा निकाल फिरला. १९५६ च्या कायद्याने दिलेला अधिकार महाराष्ट्र राज्य झाल्यावरही कायम आहे आणि मुख्य न्यायमूर्तींनी तो वापरला यात गैर काही नाही, असे ठरले. १९८४ च्या ऑगस्टपासून औरंगाबादच्या बैठकीला कायम खंडपीठाचा दर्जा मिळाला. गंगापूरचे हायकोर्ट घराजवळ यावे यासाठी दिल्लीपर्यंत एक खटला लढवावा लागला तो असा.

तिसरी वास्तू १९९५ साली पुरी झाली. औरंगाबादचे जिल्हा न्यायालय ज्या रस्त्यावर आहे त्याला आजही अदालत रोड म्हणतात. रस्त्याने जुना शब्द सोडलेला नाही. नवे हायकोर्ट मात्र जालना रस्त्यावर आहे. समोर बाग, बागेच्या मागे ध्वजस्तंभ, मग पोर्च आणि पोर्चमधून आत गेल्यावर घुमटाखालचे मोठे मध्यवर्ती दालन. जुन्या कोरीव कामाच्या वस्तू तिथे मांडून ठेवल्या आहेत. त्याच्या आसपास, तळमजल्यावर आणि वर, न्यायकक्ष आहेत. एशच्या नक्षीचा डौल इथे नाही आणि फुलरच्या मनोऱ्याची उंचीही नाही. पण गंगापूरचा माणूस जेव्हा एस. टी.तून वाळूजचे कारखाने मागे टाकीत सुमारे चाळीस किलोमीटरवर या बागेसमोर येतो, तेव्हा त्याला शोभेची उणीव भासत असेल असे वाटत नाही. तो सकाळी न्याहारी करून निघतो आणि दिवेलागणीला धार काढायला गोठ्यात हजर असतो.

आणखी एक उलटापालट पाहण्याजोगी आहे. या खंडपीठाच्या कक्षेत मराठवाड्याच्या जिल्ह्यांबरोबर अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबारही आहेत. जे जिल्हे पिढ्यान् पिढ्या मुंबई इलाख्याचे होते, ज्यांच्या वाटा मुंबईकडेच जात, ते आता निजामी मुलखातल्या जुन्या शहरी दाद मागायला येतात. आणि ही चाल अजून थांबलेली नाही. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झाले, आणि त्याला आधार मिळाला तो औरंगाबादच्या वेळी कसोटीला लागलेल्या त्याच पोटकलमाचा. गोदाकाठी लढवलेला खटला पंचगंगेच्या काठी कामी आला.

तीन वास्तूंची ही कथा सांगताना एका गोष्टीचा विसर पडू देता कामा नये. न्यायाचे अंतर दोन प्रकारचे असते, एक वाटेचे आणि दुसरे काळाचे. वाटेचे अंतर पाचशे किलोमीटरांवरून चाळीसवर आले, हे आपल्या पिढीने पाहिले. तारखेपासून तारखेपर्यंतचे अंतर मात्र अजून पुष्कळ आहे. आजोबांनी दाखल केलेल्या दाव्याचे कागद नातू पिशवीत घालून नेतो, हे दृश्य मराठवाड्याला किंवा महाराष्ट्राला नवे नाही. ते अंतर कापायला नवे रूळ टाकून भागत नाही आणि घुमट बांधूनही भागत नाही. पण पहिले अंतर कापले गेले तेही आपोआप कापले गेलेले नाही. कोणीतरी अर्ज केले, ठराव मांडले, वाद घातले आणि पंचवीस वर्षे कंटाळले नाहीत, म्हणून ते कापले गेले. दुसऱ्यासाठीही तेच करावे लागेल.